पिराप्पानं कोणती गाडी घेतली

जीपचं पासिंग आता पुन्हा होणार नाही असं बीदरच्या आरटीओ ऑफिसात सांगितलं, त्या दिवशी पिराप्पा सावळवाडीत परत आला आणि जीप घरापुढच्या उतारावर लावून ठेवली. अठ्ठावीस वर्षं त्यानं ती चालवली होती. त्याचे वडील मेंढरं राखायचे, आजाही तेच करायचा. त्या घरातून स्टिअरिंग धरणारा हा पहिला. आता तो चोपन्न वर्षांचा होता आणि आयुष्यातली शेवटची गाडी घ्यायची होती.

आमची सावळवाडी औराद तालुक्यात आहे. मोठ्या रस्त्यावरून फाटा फुटतो, डांबर ओढ्यापर्यंत येतं आणि तिथंच संपतं. ओढ्यावर पूल नाही. तळाला दगड रचून केलेली जुनी फरशी आहे, तिच्यावरून पाणी वाहतं. पलीकडे दीड किलोमीटर काळ्या मातीची वाट. ती भिजली की मोटारसायकल सोडाच, बैलाचा पायही रुततो. रुग्णवाहिका येते ती ओढ्याच्या अलीकडे थांबते. तिथून पुढं पिराप्पाची जीप. बाळंतिणी, तापानं फणफणलेली लेकरं, परीक्षेला निघालेल्या मुली, सगळ्यांना त्यानंच ओढ्यापार नेलं. मी त्या वाडीच्या शाळेत सतरा वर्षं मास्तर होतो आणि निवृत्त झाल्यावरही तिथंच राहिलो, म्हणून हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं.

त्याची बायको म्हाळसा. दोन वर्षांपूर्वी माळवदावर तूर वाळत घालताना तिचा पाय घसरला आणि ती अंगणातल्या दगडावर पडली. मणका मोडला. बीदरला ऑपरेशन करून स्क्रू बसवले. पाठीला धक्का बसू द्यायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं, आणि दर महिन्याला तपासायला यायलाही सांगितलं. म्हणजे धक्का नको म्हणायचं आणि महिन्याला त्याच जीपमधून दोनदा तो रस्ता तुडवायचा. म्हाळसा मागच्या बाकावर गोधडी टाकून आडवी व्हायची आणि पदराचा बोळा दातांत धरायची. ओरडली असं कधी झालं नाही. पिराप्पाला आरशात तिचं तोंड दिसायचं. त्यानं मला एकदा सांगितलं होतं की हल्ली तो आरसा वर फिरवून ठेवतो.

तर गाडी घ्यायची होती, आणि दोन गाड्या त्याच्या मनात होत्या.

पहिली साधी. जाड पत्र्याची, उंच, गिअरच्या दोन काठ्यांची. खिडकीची काच हातानं फिरवायची, आतलं काहीही बिघडलं तरी पान्यानं उघडता येईल अशी. कागद वाचायला म्हणून त्यानं मला बीदरला बरोबर नेलं होतं. गावाबाहेरच्या लाल दगडाच्या उतारावर त्यानं ती चालवून पाहिली आणि किती तरी दिवसांनी त्याचा चेहरा उजळलेला मला दिसला. म्हाळसा मागं बसली होती. खाली उतरल्यावर गाडी चांगली आहे म्हणाली. पण दाराची कड तिनं सोडली नव्हती, आणि तिची बोटं पांढरी पडली होती.

दुसरी नव्या तऱ्हेची. तीही चारी चाकांनी ओढणारी, पण गिअर आपोआप पडायचे. समोर मोठा पडदा, मऊ पाठीच्या खुर्च्या, आणि चिखल, वाळू, दगड यांसाठी एकच गोल बटण. किमतीत फारसा फरक नव्हता. या गाडीच्या पुस्तकात ती किती खोल पाण्यातून जाऊ शकते त्याचा एक आकडा होता. मी तो वाचून दाखवला तेव्हा पिराप्पानं विचारलं, "म्हंजे किती वो, गुरुजी?" मी माझ्या पायावर हात ठेवून दाखवला, गुडघ्याच्या वर चार बोटं. 

त्याची मुलगी रूपा बीदरला एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. तिचं म्हणणं सरळ होतं, अव्वासाठी, म्हणजे आईसाठी, दुसरी गाडी घ्या. वाडीचं म्हणणंही सरळ होतं, साधी घ्या. पंचायतीचा मेंबर बळीराम तर त्याला भेटेल तिथं हेच सांगायचा, आणि सांगायची त्याची पद्धत अशी की जणू गाडी वाडीच घेत होती.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात म्हाळसाची तपासणी होती. नव्या गाडीच्या दुकानातला विक्रेता शिवशंकर, भालकीकडचा तिशीतला माणूस, त्यानं गाडी एक दिवस घरापर्यंत नेऊन पाहायला दिली आणि स्वतः बरोबर आला. त्या आठवड्यात चार दिवस पाऊस लागून होता, त्या सकाळी उघडीप होती. पाऊस लागायच्या आधीच आम्ही बीदरला रूपाकडं येऊन राहिलो होतो. सकाळीच तपासणी उरकून आम्ही बीदर सोडलं. पिराप्पा चालवत होता, शिवशंकर त्याच्या शेजारी, म्हाळसा आणि मी मागं. संतपूरच्या अलीकडे मी वळून पाहिलं तर म्हाळसाला झोप लागली होती. बसल्या बसल्या, तोंड जरा उघडं ठेवून. पिराप्पानं आरसा खाली फिरवला. मग बराच वेळ तो सारखा तिकडंच बघत होता, इतका की शिवशंकरला त्याला रस्त्याकडं बघा म्हणावं लागलं.

गाडी ठरली, असं मी मनात म्हणालो.

फाट्यावर वळलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. ओढ्यापाशी आलो आणि पिराप्पानं ब्रेक दाबला. वरच्या अंगाला कुठंतरी जोराचा पाऊस झाला असणार. पाणी मातकट लाल होऊन फरशीवरून उसळत होतं. पलीकडच्या काठावर आठ-दहा माणसं उभी राहून हात हलवत होती. त्याच वेळी पिराप्पाचा फोन वाजला. पलीकडच्या गर्दीतूनच बळीराम बोलत होता. वाडीतल्या श्रीमंत नावाच्या शेतकऱ्याची बायको सोजराबाई सोयाबीन काढत होती, पेंढीखाली परड होती. परड म्हणजे घोणस. पायाला चावून सव्वा तास झाला होता. रुग्णवाहिकेला फोन केला होता, ती दुसऱ्या गावच्या पुरात अडकली होती. बैलगाडीत घालून आणायला निघाले तर चाक आसापर्यंत रुतलं, म्हणून तिला पिराप्पाच्याच ओसरीवर निजवलं होतं.

मी रूपाला फोन लावला. तिनं घाई न करता एकेक गोष्ट सांगितली. जखम कापू नका, दोरी आवळू नका, पाय हलू देऊ नका, चालवू नका, आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर इंजेक्शनपर्यंत पोचवा. औरादच्या सरकारी दवाखान्यात ते मिळेल, मी तिथं कळवते म्हणाली. मी हे बळीरामला ओरडून सांगितलं.

पिराप्पा खाली उतरला. काठीनं ठाव घेत पाण्यात पाच पावलं गेला. पाणी मांडीला लागलं. तो परत आला आणि शिवशंकरकडं बघत राहिला. शिवशंकरच्या लक्षात आलं. त्यानं कानडीत हात जोडूनच सांगितलं, की एवढ्या पाण्यात ही गाडी घालता येणार नाही, मध्ये बंद पडली तर दारंसुद्धा उघडणार नाहीत, आणि गाडी त्याच्या नावावर बाहेर काढलेली आहे. तो खोटं बोलत नव्हता. मी दाखवलेल्या चार बोटांच्या बरंच वर पाणी होतं.

"ही घालू बी नगो," पिराप्पा म्हणाला. "मी पलीकडं जातो. जीप हाय तिथं."

ती जीप महिनाभर सुरू झालेली नव्हती. बॅटरी मेलेली होती. मी तसं म्हटलं. त्यानं ऐकलं की नाही कळलं नाही, तो गाडीच्या मागच्या कप्प्यातला ओढायचा दोर काढत होता. म्हाळसा जागी झाली होती. तिनं काच खाली घेतली. मला वाटलं ती अडवेल. तिनं एवढंच विचारलं, "फरशीची वरली कड ध्यानात हाय न्हवं?" तो हूं म्हणाला.

दोराचं एक टोक त्यानं कमरेला बांधलं, दुसरं शिवशंकरनं आणि मी धरलं. पाणी मांडीवरून कमरेला आलं. मध्यावर त्याचा पाय निसटला आणि तो खांद्यापर्यंत आत गेला. दोर इतका ताणला की माझे दोन्ही तळवे सोलले. शिवशंकरनं टाच दगडाला लावली आणि मागं रेलला. पिराप्पा उठला, काठी गेली होती, हातांनी पाणी बाजूला सारत पुढं सरकला, आणि पलीकडच्यांनी त्याला काखेत धरून वर घेतलं. त्यानं दोर सोडला आणि चिखलातून वाडीकडं धावत सुटला. चोपन्नाव्या वर्षी माणूस जसा धावतो तसा, दोन्ही हात लांब टाकत.

मग आम्हाला काहीच करण्यासारखं उरलं नाही. मी पाण्याच्या काठाला एक वाळकी फांदी रोवली. दहा मिनिटांनी ती दोन बोटं पाण्यात होती. म्हाळसा गाडीतून उतरून दाराला धरून उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही. वीस मिनिटं झाली. फांदी चार बोटं पाण्यात होती. बळीरामचा फोन आला, की दहा जण जीप उतारावरून ढकलतायत, दोनदा ढकलली, लागली नाही, आता पुन्हा मागं ओढून वर नेतायत. तो बोलतानाच त्याच्या फोनमधून एक फटका ऐकू आला, मग गुरगुर, मग माणसांचा गलका. म्हाळसानं डोळे मिटले.

जीप ओढ्याच्या तोंडाशी आली तेव्हा ती सगळी काळ्या चिखलानं माखली होती. पिराप्पा खाली उतरला, बॉनेट उघडून त्यानं पंख्याचा पट्टा काढला. पंखा फिरत राहिला तर पाणी सगळ्या इंजिनावर उडतं. मग पुढच्या जाळीवर ताडपत्री बांधली. मागं सोजराबाई निजली होती, तिचा पाय उशीवर, आणि श्रीमंत खाली बसून दोन्ही हातांनी तो पाय धरून होता. पिराप्पानं मागं वळून श्रीमंतला काहीतरी सांगितलं आणि जीप पाण्यात घातली.

ती फार हळू येत होती. पाणी बॉनेटपर्यंत चढलं, दोन्ही बाजूंनी फुटून मागं जाऊ लागलं. इंजिनाचा आवाज एकसारखा होता, कमी नाही, जास्त नाही. मध्याच्या जरा पुढं आली आणि मागचा भाग खाली सरकला. डावं चाक फरशीवरून घसरलं होतं. जीप तिरपी झाली. श्रीमंतनं बायकोला छातीशी घट्ट धरलं. माझ्या शेजारी शिवशंकर काहीतरी पुटपुटत होता, त्याच्या देवाचं नाव असावं. पिराप्पानं ब्रेक लावला नाही, वेगही वाढवला नाही. त्यानं नाक वरच्या अंगाला, वाहत्या पाण्याच्या तोंडावर वळवलं. एक क्षण जीप जागच्या जागी थरथरत राहिली. मग मागचं चाक दगडाला लागलं, धरलं, आणि ती आमच्याकडं चढू लागली.

काठावर येऊन डांबरावर चारी चाकं टेकली आणि इंजिन बंद पडलं. त्या दिवशी ते पुन्हा लागलं नाही.

सोजराबाईचा पाय गुडघ्यापर्यंत टरारून सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. म्हाळसानं स्वतःची मागची जागा रिकामी केली, खुर्ची कशी मागं झुकवायची ते शिवशंकरला विचारलं. आम्ही चौघांनी सोजराबाईला उचलून आत ठेवलं. खुर्ची दुधाळ रंगाची होती. चिखल आणि रक्त तिच्यावर पसरलं तसा शिवशंकर एकदा थबकला. पिराप्पा किल्ली घेऊन चालवायला निघाला, पण दार उघडायला त्याला दोनदा ओढावं लागलं. शिवशंकरनं त्याच्या हातातून किल्ली घेतली. "अण्णा, तुम्ही बसा," तो म्हणाला. "गाडी मी चालवतो."

पुढं शिवशंकर आणि म्हाळसा, मागं सोजराबाई आणि तिला धरून श्रीमंत. पिराप्पा सामानाच्या कप्प्यात गुडघे पोटाशी घेऊन बसला. मी काठावर राहिलो. औरादला ती वीस मिनिटांच्या आत पोचली. इंजेक्शनं तयार होती. दुपारी डॉक्टरांनी सांगितलं की लघवी कमी होतेय, किडनीवर परिणाम दिसतोय, बीदरला हलवा. तेव्हाही रुग्णवाहिका परतलेली नव्हती, म्हणून सलाईनची बाटली हातात धरून तिथली नर्स त्याच गाडीत बसली. शिवशंकरनं दुकानात फोन करून गाडी संध्याकाळी येईल एवढंच कळवलं.

सोजराबाई एकोणीस दिवस बीदरला होती. जगली. पायाची दोन बोटं गेली.

ती घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मारुतीच्या पारावर माणसं जमली. आता गाडी कोणती हे विचारायचंच कशाला, असा सगळ्यांचा सूर होता. नवी गाडी काठावर उभी राहिली आणि जुनीनं जीव वाचवला, हे प्रत्येकानं पाहिलं होतं. म्हाळसाही आली होती. तिनं बायकांतून उठून सांगितलं, की माझं महिन्यातून एकदा जाणं, मी काढीन कसंबी, साधीच घ्या. ती हे मनापासून बोलली, त्यात मला शंका नाही.

पिराप्पा पाराच्या कडेला खाली बसला होता. त्यानं सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाला, की तो दुसरी घेणार आहे, मऊ खुर्च्यांची.

 बळीरामनं आवाज चढवून विचारलं, की पुढच्या पावसात कुणाला साप चावला तर काय करायचं.

"वड्यावर पूल बांधता येतो," पिराप्पा म्हणाला. "हिची पाठ पुन्हा बांधता येत न्हाई. डॉक्टरनं सांगितलंय, स्क्रू निघाला तर पुन्हा उठणार न्हाई. अठ्ठावीस वर्सं मी तुमाला पार नेलाव. दोन वर्सं हिला तसंच नेलाव, आन् आरसा फिरवून ठिवला."

मग बळीरामकडं बघून त्यानं विचारलं, "आन् येवढ्या वर्सांत गाडी शिकावं असं तुमच्यापैकी एकाला बी कामून वाटलं न्हाई?"

बळीराम उठून गेला. त्याच्यामागं आणखी काही गेले. त्या महिन्यात पिराप्पाच्या घरी चहाला कुणी आलं नाही. म्हाळसा पिठाच्या गिरणीत गेली तर दोघी बायकांनी तोंड फिरवलं, सगळं तिच्यासाठी झालं म्हणून. तिनं हे नवऱ्याला सांगितलं नाही, माझ्या बायकोला सांगितलं. मलाही प्रामाणिकपणे सांगायचं तर तेव्हा तो चुकला असंच वाटत होतं. माझं स्वतःचं वय एकसष्ट आहे आणि मीही ओढ्याच्या पलीकडेच राहतो.

पंधरा दिवसांनी श्रीमंत त्याच्या दारात येऊन उभा राहिला. तो कमी बोलणारा माणूस. जीप शिकव म्हणाला.

त्यांनी दोघांनी मिळून इंजिन खोललं. आत पाणी गेलं होतं. औरादचा मिस्त्री काशप्पा दोन रविवार येऊन गेला. जीप आता मोठ्या रस्त्यावर काढायची नाही, फक्त वाडीपासून डांबरापर्यंत, असं ठरलं. श्रीमंतला क्लच जमायला आठवडा लागला. चिखलात गाडी कशी सोडून द्यायची आणि कधी धरायची हे शिकायला त्याहून जास्त. नोव्हेंबरअखेर अवकाळी पाऊस आला आणि ओढ्याला गुडघाभर पाणी आलं, तेव्हा पिराप्पानं त्याला एकट्याला आत घातलं. स्वतः काठावर उभा राहिला. मी त्याला पुराच्या दिवशी पाण्यात जाताना पाहिलं होतं, पण त्या दिवशी त्याचा चेहरा जितका ओढलेला होता तितका पुरातही नव्हता. श्रीमंत मध्यावर घाबरला, जीप आचके देऊ लागली. पिराप्पा ओरडला नाही. त्यानं फक्त हाताचा पंजा हळूहळू पुढं केला, जसा मेंढरं पुढं काढताना करतात तसा. श्रीमंतनं तो पाहिला. जीप पार झाली. त्यानंतर आणखी दोघं शिकायला आले, एक बळीरामचा भाऊ. बळीराम स्वतः अजून बोलत नाही, पण पुलाच्या अर्जावर त्याची सही आहे.

नवी गाडी दिवाळीनंतर आली. पहिल्या आठवड्यात पिराप्पा म्हाळसाला घेऊन राजेश्वरला गेला. तिथं तिचा भाऊ सिद्धराम राहतो. पडल्यापासून ती माहेरी गेलेली नव्हती, भाच्याच्या लग्नालाही नाही.

त्या प्रवासाचं म्हाळसानंच नंतर आमच्या अंगणात बसून सांगितलं. हुमनाबाद ओलांडल्यावर तिनं नवऱ्याला गाडी जरा हळू घ्या म्हटलं. पिराप्पानं एकदम कडेला घेऊन थांबवली. तो खाली उतरला, तिचं दार उघडलं, कुठं दुखतंय म्हणून विचारू लागला, पाणी काढून दिलं.

"दुखायलंय म्हणून न्हाई वो," ती म्हणाली. "लौकर पोचलाव तर लौकर माघारी यावं लागंल."

त्यानं तिचं दार लावलं. मग आत बसून त्यानं गाडी सुरू केली, आणि राजेश्वरपर्यंत मागून येणाऱ्या प्रत्येक गाडीला पुढं जाऊ दिलं.